शाळेच्या वाटेबाबत मुलांचे म्हणणे आराखड्यात कसे आणावे?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): आमच्या गावची मुले राज्यमार्गाच्या कडेने शाळेत जातात; कापसाच्या हंगामात भरलेल्या गाड्यांमुळे त्यांना साइडपट्टीही उरत नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात त्यांचे मत नोंदवता येईल का?

शिक्षक, वर्धा: येईल, ग्रामसभेपूर्वी बालसभा घ्यावी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील १२ वे कलम मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देते आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला आहे. अर्थात, सरपंचांना कलमापेक्षा मुलांनी काढलेला नकाशा लवकर पटतो.

अभियंता, अमरावती: नकाशा मुलांसोबत ती वाट चालूनच करावा. राज्यमार्गावरील गतिरोधक मात्र ग्रामपंचायतीच्या हाती नसतो. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठवावा.