मदत हवी आहे: सिग्नलिंग खर्चात वायरलेस हॉपचं वजन किती धरायचं?

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी एचएमआयपीव्ही६ आणि पीएमआयपीव्ही६ (फिरत्या मोबाइलचा आयपी संपर्क टिकवणारे दोन प्रोटोकॉल) यांच्या सिग्नलिंग खर्चाची, म्हणजे नियंत्रण संदेशांच्या भाराची, तुलना करतोय. मॉडेल फ्लुइड फ्लो (वापरकर्त्यांची हालचाल द्रवाच्या प्रवाहासारखी धरणारं), सेल चौकोनी. एका वापरकर्त्याचा सेल ओलांडण्याचा दर vL/πA (v वेग, L सेलची परिमिती, A क्षेत्रफळ), आणि N सेलच्या डोमेनबाहेर जाण्याचा दर त्याच्या १/√N. इथपर्यंत गणित जुळतं.

अडतंय पुढे. पीएमआयपीव्ही६ मध्ये (आरएफसी ५२१३, २००८) बाइंडिंग अपडेट (नव्या ठिकाणाची नोंद) मोबाइल पाठवतच नाही, त्याच्या वतीने एमएजी (मोबाइल ज्याला जोडलेला असतो तो राउटर) एलएमएला (डोमेनमधल्या नोंदी ठेवणाऱ्या राउटरला) कळवतो. म्हणजे हवेतला हा खर्च वाचला. एचएमआयपीव्ही६ मध्ये मात्र एमएपीला (तिथल्या नोंदी ठेवणाऱ्या राउटरला) जाणारा प्रत्येक अपडेट वायरलेस हॉपवरून (मोबाइलपासूनच्या हवेतल्या टप्प्यावरून) जातो. त्यामुळे या हॉपला वायर्डच्या दसपट वजन दिलं की पीएमआयपीव्ही६ आरामात जिंकतो. दुप्पट दिलं की फरक जेमतेम उरतो. मग हे विश्लेषण कसलं, मी निवडलेल्या आकड्याचाच निकाल!

हे वजन कशावरून ठरवता? फ्रेम एरर रेट आणि रिट्रान्समिशनवरून काढलं तर चालेल का? शिवाय पायी चालणाऱ्यांसाठी हँडओव्हरपेक्षा (सेल बदलण्यापेक्षा) नोंदीचा लाइफटाइम संपल्यावरचे रिफ्रेशच जास्त भरतात. ते वेगळे दाखवायचे की एकूण खर्चातच धरायचे? गाइड म्हणतात सोडून दे, मला ते पटत नाही. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.