मदत हवी आहे: बजीला लिव्हरचा त्रास, पेलेटला तोंड लावत नाही

नमस्कार मंडळी. आमचा पिंट्या, बजी (छोट्या पोपटाची जात), वय साधारण 5 वर्षं. मध्यंतरी चोच भराभर वाढायला लागली, चोचीवर आणि नखांवर काळपट डाग दिसले. मला वाटलं, कुठे आपटला असेल. शीचा पांढरा भाग पिवळट-हिरवा दिसला तेव्हा मात्र धावले. (पहिल्या दवाखान्यात 'आम्ही फक्त कुत्री-मांजरी बघतो' म्हणून परत पाठवलं, ते वेगळंच.) दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हरवर चरबी आहे. चूक आमचीच, इतकी वर्षं नुसतं राळं आणि वर लाडाने सूर्यफुलाच्या बिया.

चोच त्यांनीच घासून दिली, सिलिमारिनचे (लिव्हरसाठीचं औषध) थेंब चालू आहेत. पण हळूहळू पेलेटवर (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणा म्हणाले आणि तिथेच गाडी अडली आहे. पठ्ठ्या एकेक पेलेट उचलून पिंजऱ्याबाहेर भिरकावतो. उपाशी ठेवायची छाती होत नाही, एवढासा जीव लगेच कोसळायचा. रोज सकाळी किचनच्या काट्यावर वजन करते. 46 ग्रॅम होतं, आता 43 आहे. ओली कोथिंबीर लावली की मात्र तिच्यात लोळतो आणि दोन पानं कुरतडतोही.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, पेलेट भरडून राळ्यात मिसळले तर खातात का? किती आठवडे लागले? आणि थेंब पाजताना धरायचं कसं? मी रुमालात धरते, पण छाती दाबली गेली तर श्वासच अडकेल म्हणून हात थरथरतो.