मदत हवी आहे: कोल्हापुरात राहून पहिला हेजहॉग आणायचा कुठून?

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी,

राजारामपुरीत राहतो, घरी आई आणि मी. काम घरूनच आहे, पण वेळ संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. दिवसा मी झोपलेला, आणि आईच्या गुडघ्यांना कुत्रा फिरवणं झेपणार नाही. हेजहॉग, म्हणजे पाठीवर काटे असलेला छोटा प्राणी, दिवसभर झोपतो, रात्री जागतो, एकटाच राहतो, त्यामुळे आमच्या घराच्या वेळापत्रकात तो बसतो. बरेच महिने वाचतोय. आफ्रिकन पिग्मी जात, आयुष्य साधारण ४ ते ६ वर्षं, तापमान २४ ते २९ अंश लागतं, जोडी ठेवायची नाही, पळायचं चाक जाळीचं नको तर सलग पृष्ठभागाचं हवं, हे सगळं माहीत आहे. पिंजऱ्याची जागाही ठरली. अडलंय ते आणायचा कुठून इथे.

आईची एकच अट आहे. "रानातनं धरून आणल्यालं जनावर माझ्या दारात नको. माणसात जन्मलेलं असंल तर खुशाल आण." मलाही ती पूर्ण पटते. पण ते ओळखायचं कसं?

माझ्यापुढे सध्या हे रस्ते आहेत.

गावातलं एक दुकान. मासे, पक्षी, हॅमस्टर असतात. हेजहॉग दुकानात नसतो, निम्मे पैसे आगाऊ दिले की मुंबईहून मागवून देतो म्हणतात. आई-बाप कुठले, वय किती, विचारलं तर "पिल्लूच येतंय, काळजी करू नका" एवढंच उत्तर. वर "जोडी घ्या, स्वस्तात लावतो" हा आग्रह.

पुण्यात एकजण घरीच मोजकी जनावरं ठेवून पिल्लं देतात. किंमत दुकानाच्या जवळपास दुप्पट आणि पुढच्या विणीपर्यंत थांबावं लागेल. फोनवर त्यांनीच मला एवढे प्रश्न विचारले की मुलगी बघायला गेल्यासारखं वाटलं.

इन्स्टाग्रामवरचा एक विक्रेता सर्वांत स्वस्त आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने डब्यातून पाठवतो. त्याने पाठवलेल्या फोटोतल्या जनावराचे कान मोठे आहेत आणि तोंड काळपट. मी पाहिलेल्या बाकी फोटोंपेक्षा वेगळं दिसतंय.

आणि चौथं, सांगलीत शिकणारा एक मुलगा नोकरीसाठी बाहेर जातोय, त्याला त्याचा दोन वर्षांचा नर चांगल्या घरी द्यायचा आहे. पिंजरा, चाक, हीटर सगळं सोबत. पण मला पहिल्यापासून पिल्लू वाढवायचं होतं, म्हणून मन घेत नाहीये.

यातलं काय निवडावं? आणि समोर गेल्यावर नेमकं काय विचारावं, काय बघावं? पाळलेल्यांनी आणि जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

देवराई:

आधी इन्स्टाग्रामवाल्याचं, कारण ते सर्वांत गंभीर आहे. आपल्या देशातही रानटी हेजहॉग आहेत. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात लांब कानांचा आणि फिकट रंगाचा अशा दोन जाती सापडतात, दक्षिणेत तामिळनाडूच्या बाजूला आणखी एक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली ही जनावरं संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि घेणाराही त्यात सापडतो.

पाळीव आफ्रिकन पिग्मीचे कान लहान, गोलसर असतात, चेहरा आणि पोट बहुतेक पांढरं, आणि मागच्या पायाला सहसा चारच बोटं असतात. आपल्याकडच्या रानटी जातींना पाच. काट्यांच्या वर डोकावणारे लांब कान आणि काळपट तोंड दिसलं की मी तिथेच थांबेन. विक्रेता "इंडियन ब्रीड आहे, म्हणून स्वस्त" असं म्हणाला तर शंकाच उरत नाही.

ते जनावर दया येऊनही विकत घेऊ नका. एक विकलं गेलं की तो आणखी दोन पकडून आणतो. फोटो आणि त्याच्या अकाउंटची माहिती जपून ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

पंचगंगा:

भावा, मी शाहूपुरीतलाच. त्या दुकानात जाऊन एक साधी गोष्ट विचार, राज्य पशु कल्याण मंडळाकडची नोंदणी आहे का? २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार ती बंधनकारक आहे आणि जनावरांच्या खरेदी-विक्रीची नोंदवहीही ठेवावी लागते. खरा दुकानदार कागद दाखवतो. "साहेब, कशाला त्या भानगडीत पडता" असं उत्तर आलं की पाया पडून बाहेर ये. आगाऊ पैसे तर अजिबात देऊ नकोस. डोळ्यांनी न बघितलेल्या जिवावर पैसे अडकले की आलेलं आजारी असलं तरी घ्यावंच लागतं.

सिंहगडरोड:

आमच्याकडे हेजहॉग आहे, पुण्यातच घरी पिल्लं वाढवणाऱ्यांकडून आणला. ज्यांच्याकडून आणला त्यांनी आम्हालाही असंच धारेवर धरलं होतं. घरात लहान मुलं आहेत का, लाईट गेली तर ऊब कशी देणार, गावाला गेलात तर बघणार कोण, डॉक्टर कोण. तेव्हा मला थोडा राग आला होता, आता वाटतं हीच खरी खूण. पिल्लू कुठं जातंय याची ज्याला काळजी नाही, त्याने ते वाढवतानाही घेतलेली नसते.

त्यांच्याकडे प्रत्येक पिल्लाची वही होती. जन्मतारीख, आई-बापाचं नाव, दर आठवड्याचं वजन ग्रॅममध्ये. सहा आठवड्यांनी दूध सुटतं, त्यानंतरही त्यांनी आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू दिलं नाही. आठव्या आठवड्याच्या आतच नर-मादी वेगळे केले होते, ही गोष्ट तुम्ही जरूर विचारा. दुकानात सगळी एकाच टोपलीत असतात आणि "लहान मादी" म्हणून आणलेली महिनाभरात विते. गर्भकाळ जेमतेम ३५ दिवसांचा. घाबरलेली आई पिल्लं खाऊनही टाकते. जोडीचा आग्रह धरणाऱ्याला एवढं तरी माहीत असायला हवं ना?

दुप्पट किंमतीचं म्हणाल, तर त्या वहीची किंमत आहे ती.

जनावरांचा_डॉक्टर:

सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. हेजहॉग फार येत नाहीत, पण जे येतात ते बहुधा उशिरा येतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आणायचा कुठून हे ठरवण्याआधी दाखवायचा कुणाला हे ठरवा. कोल्हापुरातले बहुतेक दवाखाने कुत्री, मांजरं आणि गाई-म्हशी बघतात. फोन करून दोन प्रश्न विचारा: हेजहॉग तपासला आहे का, आणि गॅसची भूल देण्याची सोय आहे का? घाबरलेला हेजहॉग चेंडू होऊन बसतो, मग तोंड, पोट, पाय काहीच दिसत नाही. नीट तपासणीसाठी पुष्कळदा हलकी भूल द्यावी लागते. पुण्याहून आणलात तर शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय वाटेवरच आहे, त्यांनाही आधी फोन करून विचारून ठेवा.

आता समोर गेल्यावर काय बघायचं. दिवसा जाऊ नका, झोपेतून उठवलेलं जनावर सुस्त आणि चिडकंच दिसणार. रात्री नऊनंतर जा आणि त्याला जमिनीवर चालू द्या. चाल सरळ हवी. मागचे पाय लडखडत असतील, अंग एका बाजूला कलत असेल तर घेऊ नका. या जातीत वॉबली हेजहॉग सिंड्रोम नावाचा मज्जासंस्थेचा आजार आहे. लक्षणं बहुतेकदा दोन वर्षांच्या आत सुरू होतात, हळूहळू अंग लुळं पडत जातं, औषध नाही. तो आनुवंशिक असावा असं मानतात. म्हणूनच आई-बाप आणि आधीच्या विणीतली पिल्लं आज कशी आहेत हे विचारणं महत्त्वाचं. ज्याला आई-बापच माहीत नाहीत तो याचं उत्तर देऊ शकत नाही.

डोळे टपोरे आणि कोरडे, नाक स्वच्छ, गुदद्वाराजवळ घाण चिकटलेली नको. काट्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे, काटे झडलेले, सतत खाजवणं म्हणजे खरजेचे सूक्ष्म किडे असण्याची शक्यता. पिल्लांमध्ये सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास जुने काटे पडून नवे येतात, त्या वेळी ती चिडचिडी असतात, तेवढ्यावरून घाबरू नका. फरक कातडीत दिसतो, खरजेत ती कोरडी आणि खपल्यांची होते. कुत्र्याचं गोचिडाचं औषध मनाने लावू नका.

घरात ज्येष्ठ व्यक्ती आहेत म्हणून आणखी एक. हेजहॉग निरोगी दिसत असला तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू जाऊ शकतो. २०१९ साली अमेरिकेत पाळीव हेजहॉगमुळे अशी साथ पसरली होती. गजकर्णासारखा त्वचारोगही त्यांच्याकडून माणसाला होतो. भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, हाताळल्यावर साबणाने हात, आणि तोंडाजवळ न्यायचा नाही. एवढं पाळलं तर आईंचा धोका बराच कमी होतो.

सांगलीच्या नराकडे मात्र तुम्ही पुन्हा बघावं असं मला वाटतं. दोन वर्षं पार केलेलं जनावर सरळ चालत असेल तर त्या वॉबली आजाराचा धोका संपत नाही, पण बराच कमी होतो. स्वभाव बनलेला असतो, तुम्हाला तो आधी बघता येतो. एकाच घरात वाढलाय म्हणजे आईंची अटही तपासता येते, तो मुलगा कुठून आणलाय ते सांगेल. उणी बाजूही सांगतो. तीन वर्षांपुढे या जनावरांत गाठी, कर्करोग पुष्कळ आढळतात, त्यामुळे सोबत कदाचित दोन-तीन वर्षांचीच मिळेल. ते मनाशी धरूनच जा.

सिंहगडरोड:

डॉक्टरसाहेबांशी सहमत. पिल्लू लवकर माणसाळतं आणि मोठं माणसाळत नाही असं काही नसतं. नव्या घरात दोन्ही महिना-दीड महिना फुसफुसतात. तुमचा वापरलेला टीशर्ट त्याच्या झोपायच्या जागी ठेवा, वासाने ओळख लवकर होते.

रात्रपाळी:

सगळ्यांचे मनापासून आभार.

इन्स्टाग्रामवाल्याला मागच्या पायांचा फोटो मागितला, त्याने मला ब्लॉक केलं. आधीचे फोटो होते ते वनविभागाला कळवले आहेत. दुकानात नोंदणीबद्दल विचारलं, "मालक आल्यावर बघू" म्हणाले. तो विषय माझ्याकडून बंद.

सांगलीच्या मुलाशी काल बराच वेळ बोललो. तो नर पुण्यातल्याच घरी जन्मलेला आहे, आणल्या दिवशीची जन्मतारखेची चिठ्ठी आणि त्याच्या आईचा फोटो त्याने पाठवला. बोलता बोलता त्याचा आवाज जड झाला. मला म्हणाला, "दादा, पैसे नकोत, फक्त अधूनमधून व्हिडिओ पाठवत जा." आई हे ऐकत होती. ती म्हणाली, "त्याच पोराकडनं आण." माझंही मन आता पिल्लावरून उठलंय.

शनिवारी रात्री बघायला जातोय. गावातल्या एका डॉक्टरांकडे गॅसच्या भुलीची सोय आहे, त्यांनी सोमवारची वेळ दिली. दोन शंका उरल्यात. थंडीत इथे रात्री पारा १५ च्या खाली जातो, सांगलीहून आणताना गाडीत काय काळजी घेऊ? आणि लाईट गेली तर इन्व्हर्टरवर सिरॅमिक हीटर चालेल का?

जनावरांचा_डॉक्टर:

कडक प्लॅस्टिकचा हवेशीर कॅरियर, आत फ्लीसचे (मऊ, उबदार कापडाचे) दोन तुकडे. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे त्याला नको झालं तर दुसरीकडे सरकता येतं. एसी बंद. कॅरियर मांडीवर किंवा सीटबेल्टने बांधून ठेवा, डिकीत नाही. पन्नासेक किलोमीटरचाच रस्ता आहे, वाटेत खायला घालायची गरज नाही.

सिरॅमिक हीटर म्हणजे उजेड न देता फक्त ऊब देणारा बल्ब; तो १०० वॅटचा असेल तर घरचा इन्व्हर्टर काही तास सहज ओढतो. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं उपकरण) लावल्याशिवाय मात्र वापरू नका, आणि तापमापक त्याच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा, भिंतीवर नको. कधी पोट गार लागलं, अंग उलगडत नसेल किंवा चालताना डुलत असेल तर थंडीने तो सुप्तावस्थेत चाललाय असं समजा. या जातीला ती मानवत नाही, जिवावर बेतते. छातीशी धरून कपड्याच्या आत हळूहळू ऊब द्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. गरम पाण्यात घालू नका.

शनिवारी स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत न्या. त्या मुलासमोरच वजन करून वहीत लिहून घ्या, सध्याचा खाऊ कोणता आणि किती तेही. पहिले पंधरा दिवस तोच खाऊ द्यायचा आणि रोज त्याच वेळी वजन करायचं. सोमवारी ती वही दवाखान्यात घेऊन जा.