स्पेस स्ट्रॅटेजी गेममध्ये जहाजं वर-खाली न्यायची सोय खरंच लागते का?

कक्षाभ्रष्ट:
होमवर्ल्ड परत खेळायला घेतलाय, २०१५ चं रीमास्टर्ड, आणि जुना वैताग परत सुरू. एम दाबा, चकती येते, तिच्यावर दिशा आणि अंतर धरा, मग शिफ्ट दाबून माउस वर-खाली करा म्हणजे उंची ठरते, मग क्लिक. एक मूव्ह द्यायला एवढी कसरत आणि तोवर शत्रूची बॉम्बर्स माझ्या फ्रिगेट्सच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांच्या, डोक्यावर. माझं मत स्पष्ट आहे, ही उंचीची भानगड दिसायला भारी, खेळात उपयोग शून्य. सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर (२००८) बघा, दिसतं सगळं थ्रीडी पण लढाई जवळपास सपाटच होते, कोणाचं काही अडलं नाही. स्टेलारिसमध्ये तर अख्ख्या गॅलेक्सीचा नकाशाच सपाट आहे.

शिफ्टवाला:
साफ असहमत. १९९९ साली होमवर्ल्ड आला तेव्हा त्याचं वेगळेपण हेच होतं, ते काढलं तर उरतं काय, काळ्या पडद्यावर रणगाडे? आयन फ्रिगेटची तोफ नाकासमोरच मारते, त्यामुळे टार्गेटकडे अख्खं जहाज वळवावं लागतं आणि ते वळतं आपल्या सवडीनं. तुम्ही वरून उतरलात तर तिला नाक वर करेपर्यंत तुमचं काम झालेलं असतं.

कक्षाभ्रष्ट:
अहो पण बाजूनं आलो तरी तिला वळावंच लागतं ना! मग वरून येण्यात खास काय? सपाट गेममध्ये याला फ्लँक करणं म्हणतात, त्यासाठी शिफ्ट लागत नाही.

तिरका_क्रूझर:
खास हे की बचाव करणाऱ्याचं काम वाढतं. सपाटीवर चारी बाजूंना पहारा लावला की संपलं, इथे अख्खा गोल झाकायला लागतो आणि तेवढी जहाजं कोणाकडेच नसतात. आणि पहिल्या भागाच्या कॅम्पेनमध्ये (एकट्यानं खेळायच्या कथेत) तर मदरशिप, म्हणजे आपलं मुख्य जहाज, जागची हलत नाही. ब्रिज ऑफ साय्ज मिशन आठवा, आयन फ्रिगेट्सचा भलामोठा गोल करून ठेवलाय. त्याच्या कुठल्या भागाला हात घालायचा, एका टोकापासून सॅल्व्हेज कॉर्व्हेट (शत्रूची जहाजं ओढून आणणारं छोटं जहाज) लावून एकेक फ्रिगेट ओढून आणायची का, हे तुम्ही ठरवता. सपाट नकाशावर हे मिशन झालंच नसतं.

बाकी कंट्रोलबद्दल तक्रार आहे ती निम्मी कॅमेऱ्याची आहे. कॅमेरा बरोबर डोक्यावर ठेवलात तर उंचीची उभी रेघ एका ठिपक्यात गोळा होते, शिफ्ट धरून कितीही माउस हलवा, किती वर गेलो काही कळत नाही. अगदी आडवा ठेवलात तर चकतीचीच रेघ होते आणि माउस जरासा सरकला की जहाज थेट पलीकडच्या टोकाला. मधला तिरका कोन धरा, पंचेचाळीसच्या आसपास, दोन्ही नीट दिसतं. हे गेमनं सांगायला हवं होतं, पण ते असो.

डेल्टाव्ही:
मी मध्येच तिसरं काहीतरी बोलतो. वर-खाली ठेवा पण फुकट ठेवू नका. पृथ्वीजवळच्या कक्षेत यान सेकंदाला साधारण ७.८ किमी वेगानं फिरतं, त्याच वेगात कक्षेचा कल, म्हणजे तिच्या पातळीचा तिरपेपणा, नुसता ६० अंशांनी बदलायचा तर तेवढाच, म्हणजे अजून सेकंदाला ७.८ किमीचा वेगबदल लागतो! पुढे-मागे जाण्यापेक्षा पातळी सोडणं किती महाग पडतं बघा. ग्रहही जवळपास एकाच पातळीत फिरतात. गॅलेक्सीची तबकडी लाखभर प्रकाशवर्षं रुंद, जाडी साधारण हजारभर, म्हणजे स्टेलारिसवाल्यांनी सपाट नकाशा केला तो काही अगदीच आळशीपणा नाही. उंचीला इंधन लावा, मग बघा लोक शिफ्ट दाबताना विचार करतात की नाही.

शिफ्टवाला:
डेल्टाव्ही, गणित बरोबर असेल, पण दोन ताफे शंभर किलोमीटरवर भांडतायत तिथे कक्षेचा कल कोण बघतो. आणि इंधन पहिल्या होमवर्ल्डमध्ये होतंच की, फायटर आणि कॉर्व्हेटना, सारखं परत बोलवून भरायला लागायचं. २००३ च्या दुसऱ्या भागात काढून टाकलं, त्याबद्दल मी तरी कोणाला रडताना पाहिलं नाही.

तिरका_क्रूझर:
इंधन नको, आडोसा पाहिजे. मोकळ्या पोकळीत वर काय आणि खाली काय, सगळं सारखंच. पहिल्या भागातल्या सुपरनोव्हा मिशनमध्ये रेडिएशनपासून लपायला धूळ होती तेव्हा कुठून जायचं याला आपोआप अर्थ आला. २०२४ चा होमवर्ल्ड ३ म्हणूनच मोठमोठे सांगाडे मध्ये आणून ठेवतो. बाकी त्या गेमबद्दल न बोललेलं बरं.

कक्षाभ्रष्ट:
आडोशाचं पटलं. म्हणजे नुसती उंची काही कामाची नाही, हेच मी म्हणतोय. आणि ठेवायचीच असेल तर शिफ्ट कशाला, मूव्ह देताना माउसच्या चाकावर उंची द्या, एक बोट फिरवलं की झालं.

शिफ्टवाला:
चाकावर झूम आहे. त्याला हात लावलात तर मी गेमच अनइन्स्टॉल करीन.