समुद्रातला ‘भुसा’ हवेतून खत बनवतो, मग तो अडतो कशावर?

खाडीपलीकडचा
गेल्या आठवड्यात देवगडवरून होडीने बाहेर गेलो होतो, पाणी एकदम निवांत आणि त्यावर लांबच लांब तपकिरी पट्टे, लाकडाच्या वखारीतला भुसा ओतल्यासारखे. ओंजळीत घेतला तर बारीक कापलेल्या दोऱ्यांचे झुबके, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. बादलीत थोडा घरी आणला, सकाळी बघतो तर पाणी गुलाबी! भाची बॉटनी करते, ती म्हणाली हे ट्रायकोडेस्मियम नावाचं सूक्ष्म शेवाळ, कुळथाच्या मुळांवरच्या गाठी करतात तेच काम करतं, हवेतला नायट्रोजन पकडतं. पण मग हवेत ७८ टक्के नायट्रोजन, ऊन भरपूर, तर हा भुसा बाराही महिने सगळीकडे का नाही? घोडं अडतं कुठे?

कातळावरची
बऱ्याच समुद्रात लोखंडावर अडतं. नायट्रोजन फोडायचं काम नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम करतं आणि त्याला लोखंड भरपूर लागतं, इतर शेवाळाला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त.

खाडीपलीकडचा
ताई, लोखंड कमी? आपला सगळा जांभा लोखंडानेच लाल आहे की, पावसात नद्या लालेलाल होऊन समुद्राला मिळतात!

कातळावरची
मलाही आधी हेच वाटायचं. पण नदीतलं लोखंड खारं पाणी लागलं की गोळा होऊन बरंचसं खाडीतच तळाला बसतं, आणि जे पुढे जातं तेही गंजाच्या कणांसारखं खाली जातं, विरघळलेलं राहतच नाही. किनाऱ्यापासून लांब बऱ्याच ठिकाणी हजार लिटरच्या टाकीभर पाण्यात एक मिलिग्रॅमचा दहावा हिस्साही विरघळलेलं लोखंड नसतं. म्हणून तिथे वाऱ्यावरून येणाऱ्या धुळीला एवढी किंमत. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत गाड्यांवर पांढरी धूळ बसली होती आठवतंय? तसली धूळ अरबी समुद्रावरही पडते. तुमच्या ओंजळीतले ते झुबके धुळीचे कण धरून आत ओढून घेतात, मला तर हे फार भारी वाटतं.

कुळागरवाला
शेतकरी म्हणून सांगतो, चवळीला आम्ही युरिया जवळजवळ देत नाही पण सुपर फॉस्फेट देतोच. नायट्रोजन ती स्वतः करते, फॉस्फरस कुठून आणणार? समुद्रातही तेच असणार.

कातळावरची
अगदी बरोबर दादा. सहाराची धूळ उत्तर अटलांटिकवर पडते, तिथे लोखंड मिळतं तर फॉस्फेट संपत येतं, आणि दक्षिण पॅसिफिकच्या मध्यावर धूळच पोचत नाही म्हणून फॉस्फेट उरलेलं असूनही काम होत नाही. काही ठिकाणी दोन्ही एकदम कमी. उष्ण कटिबंधातल्या पूर्व अटलांटिकचं पाणी बाटल्यांत भरून एक प्रयोग केला होता, २००४ साली छापून आला, त्यात नुसतं लोखंड किंवा नुसतं फॉस्फरस घालून काम भागलं नाही, दोन्ही मिळून घातल्यावर नायट्रोजन पकडणं वाढलं, आणि सहाराची धूळ टाकली तरी वाढलं कारण तिच्यात दोन्ही असतं.

आपल्याकडे अजून एक गंमत आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर (पाण्यात विरघळलेल्या, शेवाळाला वापरता येणाऱ्या नायट्रोजनवर) श्वास घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. फॉस्फेट मात्र राहतं. ते पाणी वर आलं की समुद्री शेवाळाला जे १ फॉस्फरसला साधारण १६ नायट्रोजन हवे असतात त्यात नायट्रोजन कमी पडतो, आणि तिथे भुशाला वाव मिळतो. पावसाळ्यात खालून नायट्रेट भरपूर वर येतं तेव्हा डायटम (काचेसारखं कवच असलेलं दुसरं सूक्ष्म शेवाळ) पुढे असतात. फेब्रुवारी ते मे पाणी शांत, वरचं नायट्रेट संपलेलं, म्हणून तुम्हाला आत्ता दिसला.

खाडीपलीकडचा
म्हणजे लोखंडाची पूड टाकली तर?

कातळावरची
नको हो! थोडे दिवस वाढेल, मग फॉस्फेट संपेल. आणि एवढा भुसा एकदम मेला की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो, मासळीला ते वाईटच.

खाडीपलीकडचा
कळलं. परवा परत जातोय, पट्टे किती वाव खोल पाण्यावर सुरू होतात ते वहीत लिहून ठेवतो, वारा कुठला होता तेही.