जुनी पोकलेन: मॉनिटरवर इंजिनच्या जागी रेघा, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलू की वायरिंग बघू?

वाघोली_खाण
२० टनी पोकलेन, २४ व्होल्ट, २०१४ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. काम चालू असताना मध्येच मॉनिटरवर आरपीएम, पाण्याचं तापमान आणि ऑइल प्रेशरच्या जागी नुसत्या रेघा येतात. हायड्रॉलिक ऑइलचं तापमान मात्र दिसत राहतं. त्याच वेळी इंजिन लो आयडलला (सगळ्यात कमी वेगाला) बसतं, थ्रॉटलचा डायल फिरवून काही उपयोग नाही. चावी बंद-चालू केली की ठीक. स्विंग करताना (वरचा भाग फिरवताना) आणि ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) चालवताना जास्त होतं. फॉल्ट कोड एसपीएन ६३९ (कंट्रोलरमधल्या संदेशांची लाइन), एफएमआय ९ (बिघाडाचा प्रकार).

बॅटरी कटऑफ काढून नऊ पिनच्या डायग्नोस्टिक सॉकेटवर सी आणि डी पिनांमध्ये मोजलं, तर कधी ६० ओहम येतात, कधी ११८. मेकॅनिक म्हणतो ईसीएम गेलाय, जुना मिळतोय, टाकून बघू. त्याआधी वायरिंग तपासायची तर सुरुवात कुठून करू?

हार्नेसवाला_भोसरी
ईसीएमला हात लावू नका. ६० चे ११८ होतात म्हणजे कॅनची लाइन (कंट्रोलर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती हाय आणि लो अशा दोन वायरींची) मध्ये कुठेतरी सुटते आणि पुन्हा जुळते. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचा रेझिस्टर असतो, दोन्ही समांतर म्हणून ६०. मधली वायर सुटली की सॉकेटच्या बाजूचा एकटाच दिसतो. रेझिस्टरच गायब असता तर आकडा कायम १२० च्या आसपास राहिला असता, असा खाली-वर झाला नसता.

सुटते कुठे तेही लक्षणांवरून कळतंय. हायड्रॉलिकचं तापमान दिसतंय, म्हणजे केबिनमधला कंट्रोलर आणि मॉनिटर एकमेकांशी बोलताहेत. डायलची मागणी बहुतेक मशिनमध्ये त्या कंट्रोलरकडून कॅनवरूनच इंजिनला जाते, तीच पोचत नाही म्हणून इंजिन आयडलला बसतं. तेव्हा केबिन ते इंजिन एवढाच तुकडा बघायचा. स्विंगला होतं म्हणून स्विव्हल जॉइंट (वरच्या आणि खालच्या भागामधला फिरता सांधा) कुणी उघडायला लावेल, तो उघडू नका. चेनच्या पोकलेनमध्ये तिथून तेल जातं, कॅनची वायर खाली उतरतच नाही. खरी जागा बहुधा केबिनच्या फरशीतला रबरी ग्रोमेट (हार्नेस जिथून जातो त्या भोकातली रबरी कडी). केबिन रबर माउंटवर वेगळी हलते, फ्रेम वेगळी, आणि हार्नेस मधे घासतो.

चावी बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग कटऑफ काढा. सगळे कनेक्टर जागेवरच राहू द्या, मीटर सी-डी वर ओहममध्ये लावा आणि दुसऱ्या माणसाला हार्नेस हातभर-हातभर हलवत इंजिनकडे जायला सांगा. ६० चे ११८ जिथे होतील तिथे थांबा. बीप मोडवर विसंबू नका, क्षणभराची तूट त्यात निसटते. मिन-मॅक्स असलेला मीटर असेल तर उत्तम. मग ईसीएमचा कनेक्टर सोडून सी ते ईसीएमची हाय पिन आणि डी ते लो पिन अशी एकेक वायर मोजा. दोन्हीकडे १ ओहमच्या आसपास यायला हवं. एक मात्र बघा, काही कंपन्या सॉकेटच्या पिना वेगळ्या ठेवतात, सर्किट डायग्राम जवळ असू द्या.

मीटरची सुई फिमेल पिनमध्ये खुपसू नका. पिन फाकते आणि नवा फॉल्ट तयार होतो. मागच्या सीलच्या बाजूने बारीक पिन घाला. वायरचं इन्सुलेशन टोचायचं तर मुळीच नाही, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी आत जाऊन तांबं हिरवं पडतं. सेकंडहँड मशिनमध्ये असे टोचे आधीच्या लोकांनीही दिलेले असतात, तेही शोधा.

चाकण_इलेक्ट्रिकल
वरचं बरोबर आहे, फक्त ६० आला म्हणजे लाइन शंभर टक्के ठीक असं धरू नका. वायर घासून बॉडीला लागलेली असली तरी हाय-लोमध्ये ६० दाखवू शकते. दोन्ही वायर बॉडीशी वेगळ्या मोजा, तिथे किलोओहम दिसले पाहिजेत. मग चावी ऑन करून व्होल्ट बघा: हाय २.५ ते ३ च्या मधे, लो २ ते २.५ च्या मधे, बेरीज साधारण ५. दोन्ही अगदी सारखे असतील तर एकमेकांना चिकटलेत. एकीवर शून्य म्हणजे बॉडीला शॉर्ट, २४ दिसले तर सप्लायला.

एफएमआय ९ म्हणजे अपेक्षित संदेश वेळेवर आला नाही. कोड ज्या कंट्रोलरने नोंदवला तो तक्रारदार आहे, गुन्हेगार नव्हे. सगळे मिळून कुणाची तक्रार करताहेत ते बघा. सगळ्यांचं बोट इंजिनकडे असेल तर ईसीएमचा सप्लाय आणि अर्थही तपासा: स्टार्टर फिरताना ईसीएमची अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थची पट्टी सोडून घासा.

जुना ईसीएम 'टाकून बघू' हे महागात पडतं. पार्ट नंबर जुळला तरी आतली फाइल दुसऱ्या मशिनची असू शकते, इंजेक्टरचे कोड पुन्हा भरावे लागतात. आणि फायनान्सवाल्यांचा जीपीएस लागलेला असेल तर सगळ्यात आधी त्याची वायर कुठे जोडलीय ते बघा.

वाघोली_खाण
ग्रोमेटपाशी ओढलं की ११८ होतात. टेप काढली तर कॅनच्या दोन वायरींपैकी हिरव्या वायरला नुसता पीळ देऊन केलेला जोड निघाला, जीपीएसची वायर तिथूनच घेतलेली. तांबं काळं पडलंय. पिवळी शाबूत आहे. सोल्डर मारू का?

हार्नेसवाला_भोसरी
सोल्डर नको. जिथपर्यंत सोल्डर मुरतं तिथपर्यंत वायर कडक होते आणि ब्रेकरच्या हादऱ्याने नेमकी त्याच्या कडेला तुटते. चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन्ही बाजू कापा. पिवळी शाबूत असली तरी तीही कापून ०.८ चौरस मिमीच्या जोडवायरचा नवा तुकडा घाला. क्रिम्प स्लीव्ह, वर गोंदवाली हीटश्रिंक. दोन जोड समोरासमोर न ठेवता दोनेक इंच पुढे-मागे. साधारण दर इंचाला एक पीळ, पीळ नसलेला भाग दोन इंचांच्या आत. शील्ड असेल तर ती एकाच टोकाला अर्थ करायची, जोडात बॉडीला लागू द्यायची नाही.

जोड ग्रोमेटमध्ये येता कामा नये. तिथे थोडी ढील देऊन दोन्ही बाजूंना क्लॅम्प मारा.

जीपीएस त्या जागी परत नको. बसवणाऱ्याला फक्त सप्लाय आणि इग्निशनवर घ्यायला सांगा. कॅनची माहिती हवीच असेल तर फांदी १ मीटरच्या आत, आणि त्याच्या आतला १२० चा रेझिस्टर बंद. नाहीतर सी-डी वर ४० दिसतील.

चाकण_इलेक्ट्रिकल
कोड पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा. खाणीत बकेटला वेल्डिंग होतच असेल, त्या वेळी नुसता कटऑफ पुरत नाही, बॅटरीच्या दोन्ही केबल काढा आणि वेल्डिंगचा अर्थ बकेटलाच लावा, चेसिसला नाही.