हात रिकामे असले की

सोलापूर
आदरणीय काका आणि सर्व सभासद,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील टीव्हीवर स्वयंपाक करून दाखवणाऱ्या रेचल रे यांच्या दिवसा लागणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमावरून आपल्या मंडळात दोन तट पडले आहेत. काहींच्या मते रेचलबाई पाहुण्याला बोलूच देत नसत, तर काहींना त्यांचे हेच बोलघेवडेपण घरचे वाटत असे. मी सध्या माहेरी आले असून काही जुने भाग आईबरोबर फोनवर पाहिले, म्हणून तिचेही मत कळवीत आहे.

आईला इंग्रजी बेताचेच समजते, त्यामुळे ती शब्दांपेक्षा हातांकडे अधिक पाहते. २००१ साली सुरू झालेल्या ‘थर्टी मिनिट मील्स’ या त्यांच्या पाककृतींच्या कार्यक्रमात कांदा चिरता चिरता अखंड बोलणाऱ्या रेचलबाई तिला मनापासून आवडल्या. उखळात शेंगाची चटणी कुटताना आईही तशीच बोलत असते आणि कुटाला तेल सुटू लागले की आपोआप गप्प होते, कारण त्या वेळी लक्ष चटणीकडेच द्यावे लागते. २००६ पासूनच्या गप्पांच्या कार्यक्रमात मात्र बाई पाहुण्यासमोर खुर्चीत बसल्या, हात रिकामे झाले आणि जिभेला थांबवणारे काही उरले नाही. एका पाहुण्याचे वाक्य तिसऱ्यांदा अर्ध्यावर तुटले तेव्हा आई म्हणाली, “त्याला बोलू दे की! पाटावर बसवलंय आणि वाढायचंच विसरली.”

आपल्याकडे ‘आम्ही सारे खवय्ये’ने नेमके उलट केले होते. तेथे प्रशांत दामले यांच्यासारखा बोलण्यात मुरलेला नट ओट्यापाशी उभा राही आणि स्वयंपाक पाहुणी करी. त्यामुळे तिला सांगण्यासारखे काही ना काही हाताशीच असे.

आपली,
सोलापूरकर सभासद

—

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

वहिनींचे निरीक्षण अचूक आहे, परंतु निकाल मला मान्य नाही. जो कार्यक्रम २०२३ पर्यंत चालला आणि ज्याला २००८ साली डेटाइम एमी हे दिवसाच्या कार्यक्रमांसाठीचे अमेरिकी पारितोषिक मिळाले, तो पाहणाऱ्यांना मुलाखत हवी होती असे आपण गृहीत का धरावे? तुझी काकू कपड्यांच्या घड्या घालताना तो लावीत असे. पाहुणा कोण, हे तिला संध्याकाळी आठवतही नसे (मला तर तो घोगरा आवाजच सहन होत नसे, हे येथेच कबूल करतो). शिवाय आपण त्यांना शेफ म्हणतो, पण पाकशास्त्राचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या या बाई स्वतः ती पदवी नाकारत आल्या आहेत. काकूला त्यांचा भरवसा वाटला तो त्यामुळेच.

पाहुण्याला शेगडीपाशी उभे केलेला एखादा भाग वहिनींना दाखवून पाहा.

तुझा,
काका

—

आदरणीय काका,

तसा भाग काल रात्री पाहिला. पाहुण्याच्या हाती सुरी होती, बाई कढईकडे पाहत होत्या आणि तो गृहस्थ आपल्या आजीच्या स्वयंपाकाविषयी बराच वेळ सलग बोलला. आईने तो भाग पुन्हा लावायला सांगितला. मात्र काकूंसाठी तिचा निरोप आहे की, पाहुणा कोण होता हे संध्याकाळी आठवत नसेल, तर त्याला उगाच बोलावले.

आपली,
सोलापूरकर सभासद